इंजिन चालतंय, बाकीचं कोण बघतं?

गाळप हंगाम सुरू झाला की आंबेगाव तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातले रस्ते उसाच्या ताब्यात जातात. भीमाशंकर सहकारी साखर कारखाना पारगावच्या दत्तात्रयनगरला. तिकडे जाणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर निरगुडसर, जवळे, अवसरीच्या रस्त्यांवरून दिवसरात्र ओढत असतात. त्यांच्या मागून, बाजूने आणि कधी कधी अंगावरून आल्यासारख्या मोटरसायकली जातात. पहाटे डेअरीला दूध, दुपारी खताची गोणी, संध्याकाळी मंचरहून औषधाची बाटली आणि रात्री लाइट आली की विहिरीवरची मोटर चालू करायला शेतात. घरातली दुसरी कुठलीच वस्तू इतकं काम करत नाही. आणि घरातल्या कुठल्याच वस्तूकडे इतकं कमी बघितलं जात नाही.

हे कुणाच्या आळशीपणामुळे झालेलं नाही. कायद्याची मांडणीच तशी आहे. रिक्षा, टेम्पो, पिकअप, शाळेची बस ही सगळी परिवहन वाहनं. त्यांना फिटनेस लागतो: पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. पंधरा वर्षं चाललेल्या पिकअपला दहा-अकरा वेळा निरीक्षकासमोर उभं राहावं लागतं. खासगी मोटरसायकलीचं तसं नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे तिची नोंदणी एकदम पंधरा वर्षांसाठी होते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे २०१० साली घेतलेली गाडी सरकारी माणसाच्या नजरेखाली पहिल्यांदा नीट येते ती २०२५ साली. त्या पंधरा वर्षांत तिचे टायर तीन-चारदा बदललेले असतात, चेन कितीदा बदलली याची मोजदाद नसते आणि पुढचा ब्रेक नावाचा भाग गाडीला आहे हे घरातल्या निम्म्या लोकांच्या लक्षातही राहिलेलं नसतं.

वर्षातून निदान एकदा होणारी एक तपासणी मात्र आहे, पीयूसी. गाडी एक वर्षाची झाली की हे प्रमाणपत्र लागतं. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना ते वर्षभर चालतं, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिने. पेट्रोल पंपाच्या कडेला उभ्या असलेल्या व्हॅनमधला मुलगा सायलेन्सरमध्ये नळी घालतो, इंजिन आयडलला ठेवतो आणि यंत्र दोन आकडे दाखवतं: कार्बन मोनॉक्साइड किती टक्के आणि न जळलेले हायड्रोकार्बन किती. २००० सालानंतरच्या जुन्या फोर-स्ट्रोक गाड्यांसाठी ही मर्यादा ३.५ टक्के आणि ४५०० पीपीएम आहे. एअर फिल्टर मातीने गच्च झालेला असेल, कार्बोरेटर जास्त पेट्रोल सोडत असेल किंवा पिस्टनच्या रिंगा जाऊन गाडी ऑइल खात असेल, तर आकडा वर जातो. एवढं ती तपासणी चांगलं सांगते. पण दोन्ही ब्रेक गेलेली, हेडलाइट नसलेली, टायर गुळगुळीत झालेली गाडी पीयूसीत सहज पास होते, कारण नळी फक्त सायलेन्सरमध्ये जाते. गाडीचे कागद पूर्ण आहेत म्हणजे गाडी ठीक आहे, हा समज इथूनच घट्ट झाला आहे.

त्या समजाला आणखी एक मूळ आहे, आणि ते अभिमान वाटावा असं आहे. आपल्याकडच्या गाड्यांची इंजिनं खरोखरच भरवशाची झाली. साठीच्या आसपास असलेल्यांना राजदूत, येझदी आणि लूना आठवतात. एस्कॉर्ट्सची राजदूत पोलंडच्या एका गाडीवर बेतलेली होती, दणकट होती, दूधवाल्यांची लाडकी होती. पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळा, पॉइंट घासा, प्लग काढून काजळी साफ करा, हे रोजचं होतं. अहमदनगरला कायनेटिकच्या कारखान्यात बनणारी लूना १९७२ साली आली आणि तिने कित्येक शिक्षकांना, ग्रामसेवकांना पहिल्यांदा स्वतःचं वाहन दिलं. तिचा प्लग मात्र खिशात एक जादा ठेवूनच फिरावं लागे. बजाजच्या एम-८० ने ऐंशीच्या दशकात गावोगावी दुधाचे कॅन वाहिले. मग १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक, ऑइल वेगळं, पॉइंटची कटकट नाही आणि एका लिटरमध्ये लोकांचा विश्वास बसणार नाही इतकं अ‍ॅव्हरेज. १९९४ ला स्प्लेंडर आली. पाठोपाठ बजाजच्या बॉक्सर, सीटी १००, प्लॅटिना आल्या. २००१ साली पल्सर आली आणि तिचं गाव तर निरगुडसरच्या वाटेवरचंच, पुणे-नाशिक रस्त्यावरचं चाकण. यांतल्या शंभर सीसीच्या इंजिनांना एक लिटरच्या आसपास ऑइल लागतं. तेवढं वेळेवर बदललं तर लाखभर किलोमीटर हेड न उघडता चाललेल्या गाड्या गावागावात दाखवता येतात.

इंजिन इतकं मुकाट चालतं, म्हणूनच बाकीच्या गाडीकडे दुर्लक्ष होतं. राजदूतवाल्याला दर पंधरवड्याला पाना हातात घ्यावाच लागे, त्या निमित्ताने चेन दिसे, ब्रेकची तार दिसे. आता सकाळी किक मारली की गाडी चालू होते. चालू होते म्हणजे चांगली आहे, असा हिशेब मनात बसतो. थांबणं, दिसणं आणि दिसून येणं ही गाडीची दुसरी तीन कामं त्या हिशेबात येत नाहीत.

जगभरातला अनुभवही याच बाजूने बोलतो. अमेरिकेच्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने २०१५ साली हजारो वाचकांकडून त्यांच्या मोटरसायकलींच्या दुरुस्त्यांची माहिती गोळा केली. चार जपानी कंपन्या, म्हणजे यामाहा, सुझुकी, होंडा आणि कावासाकी, सगळ्यांत कमी बिघडणाऱ्या ठरल्या. यामाहाच्या चार वर्षांच्या गाड्यांत बिघाडाचं प्रमाण ११ टक्के होतं, तर महागड्या बीएमडब्ल्यूचं ४० टक्के. तक्रारी मात्र बहुतेक वायरिंग, दिवे, ब्रेक आणि पेट्रोल पुरवठ्याच्या. ब्रिटनमध्ये दरवर्षीच्या एमओटी तपासणीत मोटरसायकली नापास होतात त्याही मुख्यतः दिव्यांसाठी, पाठोपाठ ब्रेक, टायर आणि सस्पेन्शनसाठी. तिथली वाहन खात्याची यंत्रणा हे निकाल मॉडेलवार सगळ्यांसाठी खुले करते. त्यामुळे जुनी गाडी घेणाऱ्याला कुठे वाकून बघायचं ते आधीच कळतं.

निरगुडसरसारख्या गावातल्या गॅरेजसमोर तासभर थांबलं तरी आपली यादी फार वेगळी नाही हे दिसतं. फक्त तिच्यात माती, ऊस आणि दूध मिसळलेलं असतं.

चेनपासून सुरुवात करावी. आपल्याकडच्या बहुतेक साध्या गाड्यांना चेनवर पूर्ण बंद कव्हर असतं. ते चांगलंच आहे, साडी अडकत नाही, चिखल कमी लागतो. पण चेन दिसतही नाही. कव्हरला खालच्या अंगाला रबराचं एक बूच असतं. ते काढून बोट घातलं की चेन किती सैल आहे ते कळतं. साधारण दोन-तीन सेंटिमीटर वरखाली झाली तर ठीक. अनेक गाड्यांचं ते बूच कंपनीतून आल्यापासून कुणी काढलेलं नसतं. मग एक दिवस कव्हरमधून खडखड ऐकू येते, तरी गाडी चालते. चेन-स्पॉकेटचे दाते करवतीसारखे टोकदार होतात, तरी गाडी चालते. शेवटी चढाला किंवा ओझ्यावर असताना चेन सुटते, कधी चाकात गुंतते आणि मागचं चाक जागच्या जागी धरतं. चाकाला कुलूप लागल्यावर रस्ता कोरडा असो की ओला, माणूस खाली येतोच. नवा चेन-स्पॉकेट सेट हजार-दीड हजाराच्या घरातला खर्च आहे. नियमित ताण बघणं आणि वंगण देणं याला तर काहीच पडत नाही.

ब्रेकची गोष्ट याहून विचित्र आहे. मागच्या ड्रम ब्रेकचे लायनर झिजले की पायाचा ब्रेक खाली जातो. मेकॅनिक किंवा मालक स्वतःच मागचा नट दोन आट्या घट्ट करतो, ब्रेक परत वर येतो. असं वर्षभर चालतं. ड्रमच्या प्लेटवर, ब्रेकची दांडी जिथे जोडलेली असते तिथे, एक लहानसा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबून धरला आणि तो बाण प्लेटवरच्या खुणेपाशी पोचला, म्हणजे लायनर संपले. आता नट आवळून भागणार नाही, लायनर बदलायलाच हवेत. एवढी साधी खूण कंपनीने गाडीवरच दिलेली आहे, पण ती माहीत असलेला मालक विरळा. खुणेच्या पुढेही नट आवळत राहिलं तर आतला कॅम जास्त फिरतो आणि ब्रेक अडकून बसण्याची भीती असते.

आणि पुढचा ब्रेक? त्याच्याबद्दल गावात एक ठाम समज आहे की पुढचा ब्रेक मारला तर गाडी पालथी होते. त्यामुळे तो मारायचाच नाही, असं मुलांना पहिल्याच दिवशी शिकवलं जातं. ब्रेक लावल्यावर गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि थांबवण्याचं जास्त काम पुढचं चाकच करू शकतं, हे भौतिकशास्त्र दहावीच्या पुस्तकापलीकडे जात नाही. न वापरलेल्या ब्रेकची तार आवरणात गंजून घट्ट बसते. मग कधी गरज पडून दाबला तर एक तर लागत नाही, नाहीतर लागलेला सुटत नाही. वाळू-मातीवर, वळणावर तो जोरात दाबू नये हे खरं. सरळ डांबरी रस्त्यावर दोन्ही ब्रेक मिळून लावायचे, हेही तितकंच खरं. म्हणूनच केंद्र सरकारने एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना १२५ सीसीपर्यंत दोन्ही चाकांचा जोडब्रेक आणि त्यावर एबीएस सक्तीचं केलं. जोडब्रेकात पायाने मागचा दाबला की पुढचाही थोडा लागतो. पण ही सोय जोडणाऱ्या तारेच्या ताणावर अवलंबून असते. लायनर बदलताना ती तार सैल राहून गेली, तर हजारो रुपयांची सुरक्षितता एका सैल तारेशी संपते. गॅरेजमधून गाडी नेताना पायाचा ब्रेक दाबून पुढचं चाक अडतं का, हे बघायला दहा सेकंद पुरतात.

आता ओझ्याचा हिशेब. चाळीस लिटरचा कॅन भरला की दूधच साधारण ४१ किलोचं होतं. कॅनचं वजन वेगळं. दोन्ही बाजूंना असे दोन कॅन, मधे ६५ किलोचा माणूस. एकूण १६० किलोच्या आसपास. शंभर सीसीच्या गाडीला कंपनीने ठरवलेलं ओझं १३० किलोच्या आगेमागे असतं, आणि तेही सीटवर धरलेलं, मागच्या चाकाच्या मागे लोखंडी स्टँडवर लटकवलेलं नव्हे. रोज असं ओझं वाहिलं की शॉकअप बसतात, ऑइल सील फुटून ऑइल गळतं, चिमट्याचा बुश जातो आणि गाडी मागून डुलायला लागते, स्पोक ढिले होऊन रिम आउट होते. दूधवाल्याला हे सगळं माहीत असतं. त्याला बारा महिने, तीनशे पासष्ट दिवस दूध पोचवायचं असतं, गाडी दोन दिवस गॅरेजला ठेवणं त्याला परवडत नाही. कुठल्याही तपासणीचा विचार करताना हा माणूस डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे. त्याला दंड करून दूध डेअरीत पोचत नाही.

ओझ्याचा आणखी एक परिणाम कुणाच्या लक्षात येत नाही. मागे वजन पडलं की गाडीचं तोंड वर उचललं जातं आणि हेडलाइटचा झोतही वर जातो. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि स्वतःच्या चाकापुढचा रस्ता अंधारात राहतो. जुन्या स्प्लेंडर, सीटी १०० सारख्या गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर चालत नाही, इंजिनाच्या फिरण्यावर चालतो. खड्डा चुकवायला वेग कमी केला की उजेडही कमी होतो, म्हणजे नेमका हवा तेव्हा तो मिळत नाही. त्यात काच पिवळी पडलेली, आतला चकाकता भाग काळवंडलेला. समोर एखादी उसाची ट्रॉली बिनदिव्याची उभी असेल, तर ती दिसते तेव्हा अंतर उरलेलं नसतं. हंगामाच्या तोंडाशी परिवहन खातं आणि कारखाने ट्रॉल्यांना, बैलगाड्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा काढतात, त्या फार मोलाच्या आहेत. पण रिफ्लेक्टर स्वतः उजळत नाही. मागून येणाऱ्याच्या हेडलाइटचा प्रकाश त्याच्यावर पडला तरच तो चमकतो.

जुन्नर वनविभागात राहणाऱ्याला उजेडाचं महत्त्व आणखी एका कारणाने सांगावं लागत नाही. उसात बिबट्या आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांत रात्री दुचाकीवर झेप घेतल्याच्या घटना पुन्हा पुन्हा घडल्या आहेत, आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. शेतीची वीज रात्रीच्या पाळीला असली की मोटर चालू करायला जाणाऱ्याला उसाच्या दोन भिंतींमधून जावं लागतं. अशा वेळी बंद पडणारी गाडी, मिणमिणता दिवा आणि न वाजणारा हॉर्न हे किरकोळ दोष राहत नाहीत.

मागचा लाल दिवा हा तर गाडीचा सगळ्यांत दुर्लक्षित अवयव. ब्रेक दाबल्यावर तो जास्त उजळावा यासाठी पायाच्या ब्रेकपाशी स्प्रिंगने ओढला जाणारा छोटा स्विच असतो. शेतरस्त्याचा चिखल त्यात जाऊन वाळतो. मग दिवा कायम पेटलेला राहतो किंवा कधीच पेटत नाही. चालकाला ते दिसणं शक्यच नाही, कारण तो पुढे बसलेला असतो. दुसऱ्या कुणीतरी मागे उभं राहून सांगावं लागतं. तपासणीची गरज कशी असते, हे समजून घ्यायला हा एक दिवा पुरेसा आहे.

टायरांबद्दल नियम स्पष्ट आहे. दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल हवी. ब्रिटनमध्ये हीच मर्यादा एक मिलिमीटर आहे. पावसाळ्यात डांबरावर ट्रॉल्यांच्या चाकांनी आणलेली काळी माती पसरते, तेव्हा नवा टायरही घसरतो, गुळगुळीताची गोष्टच सोडा. हँडलची बॉलरेस गेलेली असली, म्हणजे हँडल मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकत असलं, तर अशा चिखलात गाडी सावरणं आणखी कठीण.

मग दरवर्षी सक्तीची तपासणी आणावी का? युरोपात हा वाद चांगला तापलेला आहे. ब्रिटनने १९६० साली जुन्या वाहनांची तपासणी सुरू केली, आणि १९६७ पासून तीन वर्षांपेक्षा जुन्या मोटरसायकलींना ती दरवर्षी लागते. जर्मनीत दर दोन वर्षांनी. जपानमध्ये २५० सीसीच्या वरच्या गाड्यांना लागते, त्याखालच्यांना नाही. युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशात १२५ सीसीवरच्या मोटरसायकलींना २०२२ पासून तपासणी सांगितली, पण दुसरे सुरक्षा उपाय करणाऱ्या देशांना सूटही दिली. फ्रान्सने बरीच वर्षं टाळाटाळ केली, चालकांनी रस्त्यावर उतरून विरोध केला, शेवटी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाच्या निर्णयानंतर १५ एप्रिल २०२४ पासून ती सुरू झाली.

विरोध करणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही. त्यांच्या हातात १९८१ सालचा हर्ट अहवाल असतो. कॅलिफोर्नियातले संशोधक हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. गाडीतल्या बिघाडामुळे झालेले अपघात त्यांना तीन टक्क्यांहूनही कमी आढळले, आणि त्यातलेही बरेचसे पंक्चरचे. मग तपासणीवर एवढा खर्च कशाला, असं विचारलं जातं. पण त्याच अहवालात असंही आहे की दुसऱ्या वाहनाच्या चालकाला मोटरसायकल दिसलीच नाही, हे धडकांचं सगळ्यांत ठळक कारण होतं आणि हेडलाइट चालू ठेवणाऱ्यांचे अपघात कमी होते. भारताने एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू ठेवणं सक्तीचं केलं, ते याच विचाराने. बंद दिवा ‘बिघाड’ या रकान्यात येत नाही, ‘दिसला नाही’ या रकान्यात जातो. शिवाय लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर दोन दुधाचे कॅन आणि पुढे उसाची ट्रॉली नव्हती. २०२२ साली भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची. एकट्या महाराष्ट्रात १५,२२४ मृत्यू झाले. या आकड्यांत दिव्याचा आणि ब्रेकचा वाटा किती, हे आपण मोजायला लागलो तरच कळेल.

सक्तीच्या तपासणीला आपल्याकडे एक वेगळा धोका आहे, आणि तो अनुभवातला आहे. परिवहन वाहनांना फिटनेस नीट न तपासताच दिला जातो, अशी जनहित याचिका पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी मुंबई उच्च न्यायालयात केली होती. न्यायालयाने प्रत्येक कार्यालयाला ब्रेक तपासणीसाठी २५० मीटरचा ट्रॅक करायला लावला, आणि २०१८ मध्ये परिवहन खात्यातल्या ३७ जणांवर निलंबनाची कारवाई झाली. ट्रॅक, कॅमेरे, स्वयंचलित केंद्रं ही त्यानंतरची वाट योग्यच आहे. पण ज्या यंत्रणेला टेम्पो तपासायला माणसं पुरत नाहीत, तिच्यावर लाखो मोटरसायकली दरवर्षी टाकल्या तर हाती एक जादा कागद येईल, ब्रेक तसाच राहील.

खर्चाचंही बघायला हवं. निरगुडसरची गाडी एमएच-१४ ची, म्हणजे पिंपरी-चिंचवड कार्यालयाची. मोशीला जायचं तर पन्नासहून जास्त किलोमीटर. पंधरा वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १००० रुपये झालं. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकींसाठी ते २००० केलं गेलं. राज्याचा पर्यावरण कर पाच वर्षांसाठी २००० रुपये, नूतनीकरणाला उशीर झाला तर महिन्याला ३०० रुपये दंड, शिवाय विमा आणि पीयूसी. बाजारात दहा-बारा हजार किंमत उरलेल्या गाडीवर कुणी एवढं घालत नाही. मालक नोंदणी सोडून देतो, गाडी सोडत नाही. ती शेतरस्त्यावर, डेअरीपर्यंत, फाट्यापर्यंत चालत राहते, आणि अपघात झाला तर विम्याचा आधार नसलेल्या दोन कुटुंबांवर तो भार पडतो. शुल्क वाढवून जुन्या गाड्या कमी होतील, ही अपेक्षा शहरात बसून केलेली आहे.

नव्या गाड्या या सगळ्यातून सुटल्या आहेत असंही नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. धूर खूपच कमी झाला. पण डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की गावातल्या मेकॅनिककडे तो वाचायला स्कॅनर हवा. पूर्वी बॅटरी उतरली तरी किक मारून घरी येता येई, आता कित्येक गाड्यांना किकच नाही. दोष कंपनीतूनही येतो. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलच्या दोषामुळे २,३६,९६६ गाड्या परत तपासायला बोलावल्या. २०१९ च्या कायदा दुरुस्तीने सरकारला अशी सक्ती करण्याचा अधिकारही दिला. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातातल्या गाडीपर्यंत ते बोलावणं पोचायला काही रस्ता नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे, आणि त्यातलं काही उसाचंच. त्या मिश्रणासाठी न बनलेल्या जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधली पॅकिंगं वेळोवेळी बघायला हवीत, हेही गॅरेजमध्येच कळतं.

गॅरेज हाच यातला भक्कम दुवा आहे, आणि तो गावात आहे. जोडीला तालुक्यात आणखी एक गोष्ट आहे, जी फार थोड्या ग्रामीण तालुक्यांत असते. निरगुडसरपासून जवळच, अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि तिथे ऑटोमोबाईल अभियांत्रिकी शिकवली जाते. दरवर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान असतं, त्यात भाषणं आणि हेल्मेट रॅली होतात. त्याऐवजी गाळप सुरू होण्याआधी, दिवाळीच्या सुमारास, डेअरीच्या संकलन केंद्रापुढे आणि आठवडे बाजारात दोन-दोन विद्यार्थी आणि गावातला एक मेकॅनिक उभे करता येतील. दंड नाही, कागद जप्त नाही. पुढचा ब्रेक, मागच्या ब्रेकचा बाण, चेनचं बूच, टायरची नक्षी, हँडल, हॉर्न, हेडलाइटची उंची, मागचा लाल दिवा. एका गाडीला दहा मिनिटं. बल्ब, तार, ब्रेकचा स्विच असं जे जागच्या जागी बदलता येईल ते बदलायचं, आणि त्याचा खर्च कारखाना, दूध संस्था किंवा ग्रामपंचायत उचलू शकते. मोठं काम असेल तर चिठ्ठीवर लिहून द्यायचं. सोबत कोणत्या वर्षाच्या, कोणत्या मॉडेलच्या गाडीत काय सापडलं याची नोंद ठेवायची आणि ती मंचरच्या बाजार समितीत, डेअऱ्यांत आणि गॅरेजमध्ये लावायची. तीन-चार हंगाम असं झालं तर मोशीच्या निरीक्षकालाही त्या नोंदीचा उपयोग होईल, आणि पंधरा वर्षांच्या गाडीत आधी काय बघायचं हे त्याला निरगुडसरच्या रस्त्यावरून कळेल.